न बसणारं मॉडेल: जनावरांच्या पोर्ट्रेटची गोष्ट

आजचा भाग ऐकायच्या आधी (किंवा वाचायच्या आधी, कारण तुमच्यातले निम्मे लोक बसमध्ये आवाज बंद करून हा ब्लॉगच वाचतात, मला माहितीये) एक छोटं काम करा. फोनची गॅलरी उघडा आणि तुमच्या कुत्र्याचे, मांजराचे, जे काही घरात असेल त्याचे फोटो बघा. आता मला सांगा, एखाद्या चित्रकाराने त्याला कधीच पाहिलेलं नाही, तर फक्त या फोटोंवरून त्याला तुमचा प्राणी काढता येईल का?

मी हा प्रश्न उगाच विचारत नाहीये. आमच्या घरी बारा वर्षं एक कुत्री होती, चिंगी. गावठीच, पांढरी, आणि एका कानावर काळा ठिपका. यंदा फेब्रुवारीत ती गेली. आईला तिचं चित्र करून द्यावं म्हणून मी एका चित्रकार मैत्रिणीला गाठलं. ती पाळीव प्राण्यांची पोर्ट्रेटं करते. मी मोठ्या ऐटीत तिला ड्राइव्हची लिंक पाठवली. सगळ्यांच्या फोनमधले मिळून चौदाशे फोटो! दोन दिवसांनी तिचा फोन आला. म्हणाली, "अरे, यात चिंगी आहे कुठे?"

मला रागच आला. मग तिने एकेक फोटो उघडून दाखवला. बहुतेक फोटो उभ्याने, वरून काढलेले. त्यात डोकं हे एवढं आणि पाय बाहुलीचे. काही अगदी नाकाजवळ फोन नेऊन काढलेले, त्यात नाक बटाट्यासारखं आणि कान कुठेतरी मागे गेलेले. रात्रीचे सगळे फ्लॅशमध्ये, डोळे हिरवे. (कुत्र्यामांजरांच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो, फ्लॅशचा उजेड त्यावर आपटून परत येतो. अंधारात त्यांना बरं दिसतं ते त्या थरामुळे, आणि आपले फोटो बिघडतात तेही त्यामुळेच.) पांढरी कुत्री दुपारच्या उन्हात, म्हणजे नुसता पांढरा डाग. शिवाय फिल्टर. शिवाय वाढदिवसाची टोपी.

आणि मग तिने विचारलं, "ठिपका नक्की कोणत्या कानावर होता?" आई म्हणाली डाव्या. बाबा म्हणाले उजव्या. दोघंही ठाम.

बारा वर्षं, मंडळी. आणि आम्हाला कान सांगता येईना.

तर त्या रात्री मी शोधत बसलो की फोन नव्हते तेव्हा लोक काय करायचे? माणसाला सांगता येतं, बाबा रे, हनुवटी वर कर, हलू नको. जनावर ऐकत नाही. न बसणाऱ्या मॉडेलचं चित्र काढायचं कसं, हा प्रश्न बराच जुना आहे, आणि त्याच्या मागे मोठमोठे लोक वेडे झालेत.

सुरुवात आपल्या जवळून करू. १६१२. मुघल बादशाह जहांगीर याने मुकर्रब खान नावाच्या आपल्या सरदाराला गोव्याला पाठवलं होतं. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचं, तिथे जगभरच्या चिजा उतरायच्या. हुकूम साधा होता: दुर्मिळ दिसेल ते घेऊन ये, पैशाकडे बघू नको. खानसाहेब परत आले ते काही विचित्र पक्षी-प्राणी घेऊनच. त्यात एक होता टर्की. मूळचा अमेरिकेतला पक्षी, पोर्तुगीज जहाजातून गोव्यात आणि तिथून थेट बादशाहच्या दरबारात. जहांगीरने आपल्या आठवणींत त्याचं वर्णन केलंय, त्याच्या डोक्याचे रंग कसे बदलतात वगैरे. पण पुढे तो जे लिहितो ते मला फार आवडलं. तो म्हणतो की माझे पणजोबा बाबर यांनी जनावरांची वर्णनं लिहिली, पण चित्रकारांना ती काढायला सांगितली नाहीत. मी मात्र वर्णनही लिहितो आणि चित्रंही काढून घेतो, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटलेलं नवल बघून आणखी वाढेल.

टर्कीचं चित्र काढलं उस्ताद मन्सूरने, आणि ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. नेटवर बघा. पक्षी अगदी बाजूने दाखवलाय. एक डोळा, एक बाजू, सगळी पिसं मोजून घ्यावीत अशी. पहिल्यांदा बघून वाटतं, हे काय, ओळखपत्रावरच्या फोटोसारखं? पण विचार करा. समोरून बघितलं तर चोच कळत नाही, वरून बघितलं तर पाय कळत नाहीत. बाजूने बघितलं की पाठीची रेघ, मान, छाती, पायांची उंची सगळं एका फटक्यात मिळतं. माझ्या मैत्रिणीचं पहिलं मागणं हेच होतं. "गोड फोटो राहू दे, एक तरी सरळ बाजूने काढलेला दे, कंटाळवाणा असला तरी चालेल." चौदाशेत तसे तीन निघाले, आणि तिन्हीत पुढे कोणीतरी उभं होतं.

मन्सूरचं दुसरं एक चित्र आहे, १६२१चं, झेब्र्याचं. हा प्राणी दरबारात आला तेव्हा काही जणांना वाटलं की घोड्यावर कोणीतरी पट्टे रंगवलेत. म्हणजे आपण आज कसं म्हणतो, एआयने बनवलंय! मग तपासणी झाली, पट्टे खरेच निघाले. बादशाहने तो झेब्रा पुढे इराणच्या शाह अब्बासला भेट पाठवायचं ठरवलं. म्हणजे जनावर गेलं, राहिला तो कागद. हेही त्याच म्युझियममध्ये आहे.

आता इंग्लंडला जाऊ. जॉर्ज स्टब्स. घोड्यांचा चित्रकार म्हटलं की आजही पहिलं नाव याचंच येतं. याने काय केलं? १७५६ च्या सुमाराला लिंकनशायरमधल्या हॉर्कस्टो नावाच्या खेड्यात एक घर भाड्याने घेतलं आणि जवळजवळ दीड वर्षं मेलेले घोडे छताला आकड्यांनी टांगून, चालताना जसे उभे असतील तसे पाय लावून, एकेक थर सोलून चित्रं काढली. कातडी, मग स्नायू, मग हाडं. सोबतीला मेरी स्पेन्सर, त्याची जोडीदार. वासाची कल्पना न केलेली बरी. एकेक घोडा आठवडेच्या आठवडे टिकवायचा. १७६६मध्ये या सगळ्याचं पुस्तक निघालं, त्यातल्या चित्रांचं कोरीवकामही त्याने स्वतःच केलं.

म्हणजे घोडा हलतो ना? मग न हलणारा घोडा आणा. उपाय भयंकर आहे, पण उपाय आहे. आणि त्यातून पुढे आलं 'व्हिसलजॅकेट', साधारण १७६२चं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. जवळजवळ तीन मीटर उंच चित्र, मागे काहीही नाही, ना झाड ना आभाळ, नुसता एक तांबूस घोडा मागच्या पायांवर उठलेला. गोष्ट अशी सांगतात की चित्र पुरं होत आलं असताना खऱ्या घोड्याने ते पाहिलं आणि समोर दुसरा घोडा आहे समजून तो त्याच्यावर धावून गेला. स्टब्सने रंगाची पाटी आणि काठी उगारून त्याला हाकललं म्हणे. खरं-खोटं घोड्यालाच माहीत. पण चित्रकाराला याहून मोठी दाद काय मिळणार!

राणी व्हिक्टोरियाच्या काळात मात्र गोष्ट बदलली. आता चित्र रेसच्या घोड्याचंच हवं असं राहिलं नाही, घरातल्या लाडक्याचंही हवं झालं. एडविन लँडसीअर हा तिचा आवडता चित्रकार. १८४१मध्ये तिने नवऱ्याला, प्रिन्स अल्बर्टला, नाताळची भेट म्हणून त्याच्या इऑस नावाच्या ग्रेहाउंड कुत्रीचं चित्र दिलं. बघा ते: काळी कुत्री बाजूने उभी आहे, मान वर, आणि शेजारी अल्बर्टची टोपी आणि हातमोजे. मालक चित्रात नाहीच, पण कुत्री कुणाची वाट बघतेय ते कळतं. आणि आपण तिच्याकडे वरून बघत नाही, तिच्या उंचीवरून बघतो. फोन घेऊन जमिनीवर बसा, हे जे आजकाल सगळे सांगतात ना, ते लँडसीअरच्या चित्रात कधीचंच दिसतं.

याच राणीची दुसरी एक कुत्री. तिची गोष्ट मला चित्रापेक्षा नावासाठी सांगायचीय. १८६०मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला आणि नंतर इंग्रजांनी तो जाळला. तिथे काही इवलेसे पेकिनीज कुत्रे सापडले. त्यातली एक कुत्री कॅप्टन डन नावाच्या अधिकाऱ्याने इंग्लंडला आणून राणीला दिली. नाव ठेवलं 'लूटी'. हो, लूट. तुमची-आमची लूट. हा शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातून उचलला, चीनमध्ये वापरला, आणि शेवटी कुत्रीच्या गळ्यात बांधला! काही लपवाछपवी नाही. मला तर हे वाचून हसावं की काय करावं तेच कळेना.

लूटीचं चित्र १८६१मध्ये फ्रीडरिश कील या चित्रकाराने केलं. त्यात ती लाल गादीवर आहे, मागे एक जपानी फुलदाणी. ही फुलदाणी नुसती शोभेला नाही. लूटीची खासियत काय, तर ती अतिशय लहान होती. आणि नुसतं कुत्रं काढलं तर ते लहान आहे की मोठं हे कळणार कसं? शेजारी ओळखीची वस्तू हवी. १८६५मध्ये विल्यम बॅम्ब्रिज या छायाचित्रकाराने तिचा फोटोही काढला. म्हणजे एकाच कुत्रीचं चित्रही आहे आणि फोटोही. दोन्ही नेटवर शेजारी-शेजारी लावून बघा. चित्रकाराने कुठे लाड केलेत आणि कॅमेऱ्याने कुठे केले नाहीत, ते लगेच दिसतं.

पण कॅमेरा आला म्हणून प्रश्न सुटला का? अजिबात नाही. तेव्हाचा फोटो म्हणजे काचेवर ओला रसायनाचा थर, तो वाळायच्या आत फोटो काढायचा, आणि अनेकदा काही सेकंद कोणी हलायचं नाही. माणसाच्या मानेला मागून लोखंडी चिमटा लावायचे. घोड्याला कुठे चिमटा लावणार?

आता येतो आपल्या गोष्टीचा मुख्य माणूस. किंवा दोन माणसं म्हणू. एक लीलंड स्टॅनफर्ड: कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर, रेल्वेचा मालक, गडगंज, आणि घोड्यांचा शौकीन. दुसरा एडवर्ड मायब्रिज: जन्माने इंग्रज, खरं आडनाव मगरिज, कॅलिफोर्नियात निसर्गाचे फोटो काढून नाव कमावलेला. (याच्यावर एक वेगळा भाग होऊ शकतो. १८७४मध्ये त्याने बायकोच्या प्रियकराला गोळी घालून मारलं आणि १८७५मध्ये ज्युरीने त्याला चक्क निर्दोष सोडलं. आज तो विषय नको.)

स्टॅनफर्डकडे ऑक्सिडेंट नावाचा दुडक्या चालीचा घोडा होता. त्याला या घोड्याचा, पूर्ण वेगात असतानाचा, फोटो हवा होता. त्यामागे एक वाद होता: घोडा धावताना एखाद्या क्षणी चारही पाय जमिनीवरून सुटतात का? डोळ्यांना कळत नाही, फार पटकन होतं. स्टॅनफर्डने यावर पंचवीस हजार डॉलरची पैज लावली होती असं जिकडेतिकडे वाचायला मिळतं. रीलमध्ये तर हमखास! त्याला पुरावा कोणी दाखवलेला नाही. पैजेशिवायही माणूस आपल्या घोड्यासाठी वेडा होऊ शकतो, हे मी चौदाशे फोटोंच्या अनुभवावरून सांगतो.

१८७२-७३च्या सुमाराला सॅक्रामेंटोत पहिले प्रयोग झाले. अडचण काय, तर गडद घोडा, मागे गडद झाडं, आणि क्षणाचा फोटो. काहीच उमटेना. मग आजूबाजूच्या घरांतून पांढऱ्या चादरी गोळा केल्या आणि पार्श्वभूमी म्हणून टांगल्या. आता घोडा त्या फडफडणाऱ्या चादरींना बुजतो, म्हणून त्याला आधी सवय केली. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी नुसती सावली. तिसऱ्या दिवशी मायब्रिजने दोन सरकत्या फळ्यांची युक्ती केली, त्यांच्यातली बारीक फट भिंगासमोरून सर्रकन जाते, आणि तेव्हा कुठे घोड्याचा आकार मिळाला. धूसर, पण घोडा.

आणि मग १८७७. मायब्रिजने जाहीर केलं की ऑक्सिडेंटचा स्पष्ट फोटो मिळाला. छाप्या विकल्या, वर्तमानपत्रांना पाठवल्या. लोकांना संशय आला: हे जरा जास्तच स्वच्छ दिसतंय. आणि संशय बरोबर होता! तो घोड्याचा फोटो नव्हताच. मूळ धूसर फोटोवरून जॉन कॉख नावाच्या रीटच करणाऱ्या कलाकाराने रंगात चित्र काढलं, त्यावर गाडी हाकणाऱ्या टेनंटचा खरा फोटोतला चेहरा कापून चिकटवला, आणि मायब्रिजने त्या चित्राचा फोटो काढला. ते मूळ चित्र पुढे स्टॅनफर्डच्या संग्रहालयात सापडलं, चिकटवलेल्या चेहऱ्यासकट.

मंडळी, हे बघून मला जरा बरं वाटलं. म्हणजे फिल्टरचं पाप आपल्या पिढीचं नाही.

बरं, यात मायब्रिजला अगदी लबाड म्हणावं का? मला नाही वाटत. त्या काळी फोटोवर हात फिरवणं सर्रास चालायचं. पण वादाचा निकाल लावायचा असेल तर रंगवलेला पुरावा चालत नाही, हे त्यालाही कळलं असणार. कारण पुढच्याच वर्षी त्याने जे केलं त्यात शंकेला जागाच ठेवली नाही.

ठिकाण पालो आल्टो, स्टॅनफर्डचा घोड्यांचा फार्म. (आज तिथे स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी आहे. तिथली मुलं कॅम्पसला अजून 'द फार्म' म्हणतात, ते यामुळेच.) धावपट्टीच्या एका बाजूला एक लांबट शेड, त्यात १२ कॅमेरे एका रांगेत. समोर पांढरी तिरकी भिंत, त्यावर उभ्या रेघा आणि आकडे. सगळं पांढरं, कारण जितका उजेड परत फेकला जाईल तितका हवाच होता. म्हणजे स्टुडिओचं लाइटिंग म्हणा ना, फक्त दिवा एकच: कॅलिफोर्नियाचा सूर्य. शटर विजेवर चालणारे, ते जमवायला स्टॅनफर्डच्या रेल्वेतला एक इंजिनिअर मदतीला होता. रेल्वेचा मालक असल्याचे फायदे!

१५ जून १८७८. यावेळी पत्रकारांना बोलावलं होतं, सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत. आधी एब एजिंग्टन नावाचा घोडा, मागे दोन चाकांची हलकी गाडी. चाक तारेवरून गेलं की त्या तारेचा कॅमेरा उडायचा. बारा तारा, बारा कॅमेरे. मग सॅली गार्डनर नावाची घोडी, पाठीवर स्वार. इथे चाक नाही, म्हणून वाटेत आडवे दोरे बांधले, घोडीच्या छातीने ते तुटणार आणि शटर पडणार. घोडी दोऱ्यांना बिचकली, तिने उडी घेतली, आणि खोगिराचा पट्टा तुटला. आता हे अपशकुन वाटेल. पण काचा धुवून बघितल्या तर एका फोटोत तुटलेला पट्टा लोंबताना स्पष्ट दिसत होता! तिथे उभ्या पत्रकारांना याहून मोठा पुरावा नको होता. ऑक्सिडेंटच्या वेळचा संशय तिथेच संपला.

१९ जूनला सॅली गार्डनरचा परत फोटो काढला, आणि तीच ती प्रसिद्ध मालिका जी तुम्ही जीआयएफमध्ये शंभर वेळा बघितलीय. कॅमेरे एकमेकांपासून २७ इंचांवर. मायब्रिजने कार्डावर छापलं की प्रत्येक फोटो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहून कमी वेळात घेतलाय. कल्पना करा, नेहमीच्या फोटोला सेकंदांमागून सेकंद लागायचे त्या काळात! घोडी जवळजवळ काळी सावलीच दिसते, तपशील कमी आहे, पण पाय स्पष्ट आहेत. आज तुम्ही फोनचं बटण दाबून धरता आणि धडाधड वीस फोटो निघतात ना? तेच काम बारा कॅमेरे करत होते. पण एक फरक आहे, आणि तो चित्रकाराच्या दृष्टीने फार मोठा आहे. तुम्ही एका जागी उभं राहून फोन फिरवता. मायब्रिजचा प्रत्येक कॅमेरा घोडीच्या बरोब्बर समोर, काटकोनात होता. म्हणून बाराही फोटोंत प्रमाण तेच राहतं.

आणि निकाल? हो, चारही पाय सुटतात. पण लोकांना वाटायचं त्या वेळी नाही. तोवरच्या चित्रांत धावता घोडा म्हणजे पुढचे पाय पुढे ताणलेले, मागचे मागे, लाकडी झुलत्या घोड्यासारखा हवेत तरंगणारा. पॅरिसच्या लूव्रमध्ये जेरिकोचं १८२१चं एप्सम डर्बीचं चित्र आहे, त्यात सगळे घोडे असेच. फोटोंत दिसलं की भरधाव घोडा हवेत असतो तेव्हा त्याचे पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. ताणलेले असतात तेव्हा एखादा तरी पाय जमिनीला टेकलेला असतो. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चित्रकार चुकत आले होते, तेही रोज घोडे बघत असताना. आईबाबांना कान आठवत नाही यात काय नवल!

फ्रान्समध्ये मेसोनिए नावाचा चित्रकार होता, घोड्यांच्या अचूकपणासाठी नावाजलेला. त्याने तर आपल्या इस्टेटीत छोटे रूळ घातले होते, त्यावर गाडीत बसून तो धावत्या घोड्याच्या शेजारून जात निरीक्षण करायचा. इतकं करूनही डोळा फसला. पण माणूस दिलदार. १८८१मध्ये मायब्रिज पॅरिसला गेला तेव्हा मेसोनिएने आपल्या घरी बड्या कलाकारांना बोलावून त्याचे फोटो दाखवायचा कार्यक्रम ठेवला. त्याच वर्षी त्याने स्टॅनफर्डचं पोर्ट्रेट केलं, आणि त्यात शेजारी हाच घोड्यांच्या फोटोंचा अल्बम उघडा ठेवलेला दाखवलाय.

तिकडे फिलाडेल्फियात टॉमस ईकिन्सने १८७९-८०मध्ये चार घोड्यांच्या बग्गीचं चित्र केलं. घोड्यांच्या पायांसाठी मायब्रिजचे फोटो अभ्यासले, मेणाचे घोडे बनवून बघितले, आणि प्रत्येक पाय अगदी बरोबर काढला. मग चित्रात बघा बग्गीची चाकं. आरे दिसतच नाहीत, चाक गरगरतंय म्हणून नुसतं धूसर. घोडे मात्र जागच्या जागी गोठलेले! पाय कॅमेऱ्याने बघितलेत आणि चाकं माणसाने. चित्र सुंदर आहे, पण एकदा हे दिसलं की दुसरं काही दिसत नाही. सॉरी, आता तुम्हालाही दिसणार.

शिल्पकार रोदँ याच मुद्द्यावर अडून बसला. १९११मध्ये छापलेल्या संभाषणात त्याचं म्हणणं साधारण असं आहे की खरा कलाकारच, खोटं बोलतो तो फोटो. कारण वेळ कधी थांबत नाही, आणि जेरिकोचे घोडे धावतात तरी, फोटोतले लंगडल्यासारखे दिसतात. मला विचाराल तर दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण चित्रकाराच्या हातात फोटो असावा आणि त्याने तो तसाच्या तसा उतरवू नये, इथवर मी रोदँबरोबर आहे. माझी मैत्रीणही म्हणाली, "मला एक फोटो नको, दहा दे. एकातून मी डोळे घेईन, दुसऱ्यातून पाठ, तिसऱ्यातून तिचा आगाऊपणा."

आता या गोष्टीचा कडू भाग. १८८२मध्ये बॉस्टनला 'द हॉर्स इन मोशन' नावाचं जाडजूड पुस्तक निघालं. लेखक स्टिलमन, स्टॅनफर्डचा डॉक्टर मित्र. आत मायब्रिजच्या फोटोंवरून केलेली चित्रं पानोपानी. आणि पहिल्या पानावर मायब्रिजचं नाव? नाही. प्रस्तावनेत त्याचा उल्लेख, तोही एक कुशल कामगार असल्यासारखा. त्या वेळी मायब्रिज लंडनमध्ये होता, रॉयल सोसायटी त्याचा लेख छापणार होती. हे पुस्तक पोचलं आणि सोसायटीने विचारलं, बाबा, हे काम तुझंच ना? लेख अडला. मायब्रिजने स्टॅनफर्डवर दावा ठोकला, तो टिकला नाही. स्टॅनफर्डच्या बाजूने म्हणायचं तर घोडे त्याचे, पैसे त्याचे, कल्पनाही मुळात त्याचीच. पण फोटो कुणाचे? आज इन्स्टावर दुसऱ्याच्या फोटोवरून पोर्ट्रेट करून नाव न देणारे आणि त्यावर कमेंटमध्ये भांडणारे, दोघांनीही ही केस वाचावी. (एखाद्याचा फोटो घ्यायचा तर आधी विचारा, एवढं तर नक्की.)

मायब्रिज खचला नाही. १८८४ ते १८८७ पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्याने माणसं आणि जनावरं मिळून फोटोंच्या ७८१ मोठ्या पाट्या तयार केल्या. त्यात घोडे आहेत, हत्ती-उंट आहेत, मांजर आहे, कुत्रेही आहेत. आणि मला आवडलेली गोष्ट अशी की त्यांतल्या काहींची नावं नोंदवलीत. 'ड्रेड' नावाचा मॅस्टिफ चालतोय. 'मॅगी' नावाची पांढरी शिकारी कुत्री धावतेय. शास्त्रीय कामाची पाटी, मागे मोजमापाच्या चौकटी, आणि खाली घरचं हाक मारायचं नाव.

आपल्याकडे साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं, म्हणून महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखी दिली, आणि एकदा तर आपलं पागोटं त्याच्याच डोक्यावर ठेवलं, असं ग्रँट डफने लिहून ठेवलंय. तिथे चौथऱ्यावर दगडी कुत्रा बसलेला आहे. मी कॉलेजात असताना गेलो होतो. कारागिराने खंड्याला पाहिलं होतं का, की कोणाच्या सांगण्यावरून कोरला, हे दगड बघून कळत नाही. तेव्हा मी त्याच्याबरोबर सेल्फी काढला होता आणि निघालो होतो. आता परत गेलो तर खाली बसून त्याच्या उंचीवरून बघेन.

चिंगीच्या चित्राचं सांगायचं राहिलं. मैत्रिणीने कामाला घेतला तो फोटो माझा नाही, आईबाबांचाही नाही. शेजारच्या ओवीने काढलाय, तेव्हा ती सहा वर्षांची होती. फोन तिच्या हातात, आणि तिची उंचीच तेवढी, म्हणून कॅमेरा आपोआप चिंगीच्या डोळ्यांसमोर. सकाळची वेळ, चिंगी उंबऱ्यात बसलेली, बाहेरचा मऊ उजेड एका बाजूने तोंडावर आलेला, डोळ्यांत उघड्या दाराचा चौकोन चमकतोय. ती कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये, रस्त्याकडे बघतेय. पाठ आणि पाय कळावेत म्हणून बाबांच्या फोनमधला गच्चीवरचा व्हिडिओ घेतला, एकेक फ्रेम पुढे ढकलत. त्यात एका फ्रेमला तिचे चारही पाय हवेत आहेत, पोटाखाली गोळा झालेले. मी तो स्क्रीनशॉट ठेवलाय.

ठिपक्याचा वाद मात्र चालूच होता. ओवीच्या फोटोत तो कान दाराआड गेलाय आणि व्हिडिओत सगळंच धूसर. मग आईने विजयी मुद्रेने तिच्या फोनमधला एक सेल्फी काढला: ती आणि चिंगी, ठिपका स्पष्ट डाव्या कानावर. बाबा गप्प. मैत्रिणीने फोटो मोठा करून बघितला. दोघींच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं, आणि त्यावरची अक्षरं उलटी होती.